सही एकाची, हिशेब घरोघरचा

गेल्या वेळी आपण ‘ग्राहक’ या शब्दापाशी थांबलो होतो. ग्राहक म्हणजे नेमका कोण? आज हा प्रश्न अमेरिकेच्या इतिहासात नेऊ या. राष्ट्राध्यक्षाच्या सहीनं त्याचं उत्तर कसं बदलतं, ते तिथे स्वच्छ दिसतं.

१५ मार्च १९६२ रोजी जॉन केनेडींनी तिथल्या संसदेला, म्हणजे काँग्रेसला, एक संदेश पाठवला. त्यात ग्राहकाचे चार हक्क मांडले होते: सुरक्षितता, माहिती, निवड, आणि आपलं म्हणणं ऐकलं जाणं. (१५ मार्च हा जागतिक ग्राहक हक्क दिन, तो त्यावरूनच.) यातला तिसरा हक्क जरा नीट बघा. निवड म्हणजे फळीवर दहा डबे मांडले की झालं, असं नाही. स्पर्धेतून ठरलेल्या भावात निवड, हा त्याचा अर्थ होता. आणि आयातशुल्क नेमकं त्याच्याच आड येतं.

१९७१ साली हा विरोध एकाच माणसाच्या टेबलावर आला. २४ फेब्रुवारीला रिचर्ड निक्सन यांनी आदेश काढून ग्राहकांसाठी एक स्वतंत्र कार्यालय नेमलं. सहा महिनेही झाले नाहीत तोच, १५ ऑगस्टला, रविवारी रात्री ते दूरचित्रवाणीवर आले. डॉलरच्या बदल्यात परदेशी सरकारांना सोनं देणं बंद. मजुरी, किमती, घरभाडी ९० दिवस गोठवली. आणि ज्या आयात मालावर आधीच शुल्क होतं, त्यातल्या बहुतेकांवर आणखी १० टक्के अधिभार. कॉफीवर शुल्क नव्हतं, म्हणून सकाळची कॉफी सुटली. परदेशी मोटारगाडी मात्र सापडली.

निक्सन यांचा दिलासा असा होता की तुम्ही देशी माल घेत असाल तर तुमच्या डॉलरची किंमत उद्याही तेवढीच राहील. तर्कशास्त्राच्या वर्गात हे विधान मी पुढे जाऊ दिलं नसतं. देशी म्हणजे काय? अमेरिकेत शिवलेल्या पॅंटला जपानी झिप, आपण जिला चेन म्हणतो ती, लावलेली असेल, तर ती पॅंट देशी की परदेशी? या झिपकडे आपण परत येणार आहोत.

किमती गोठवण्याचा निर्णय लोकांना तेव्हा आवडला होता, हे विसरू नका. बिल वाढणार नाही असं सरकारच म्हणतंय, तर कुणाला नको असेल? पण भाव ही नुसती चिठ्ठी नसते, तिच्यामागे कुणाचा तरी खर्च असतो. १९७३ मध्ये ते उघडं पडलं. मांस इतकं महागलं की एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात गृहिणींनी मांसखरेदीवर बहिष्कार घातला. जूनमध्ये निक्सन यांनी किमती पुन्हा ६० दिवस गोठवल्या. शेतातला कच्चा माल त्यातून वगळला होता, त्यामुळे कोंबड्यांचं खाद्य महागत राहिलं आणि कोंबडीचा भाव अडकला. काही पोल्ट्रीवाल्यांनी पिल्लं बुडवून मारली. वाढवण्यापेक्षा मारणं स्वस्त! ती दृश्यं लोकांनी घरात बसून टीव्हीवर पाहिली. ज्या आदेशानं ताटातली कोंबडी स्वस्त राहायची, त्यानंच ती ताटापर्यंत येण्याची वाट बंद केली.

शुल्काची वाट याहून आडवळणाची असते. जानेवारी २०१८ मध्ये डोनाल्ड ट्रम्प यांनी आयात होणाऱ्या वॉशिंग मशीनवर शुल्क लावलं: पहिल्या १२ लाख यंत्रांवर २० टक्के, त्यापुढे ५० टक्के. तिथली मध्यवर्ती बँक आणि शिकागो विद्यापीठातल्या अर्थतज्ज्ञांनी नंतर हिशेब मांडला. वॉशिंग मशीन सुमारे ८६ डॉलरनं महागलं. गंमत पुढेच आहे. कपडे वाळवायचा ड्रायर, ज्यावर हे शुल्कच नव्हतं, तो ९२ डॉलरनं महागला! तिथे ही दोन यंत्रं बहुधा जोडीनं विकली जातात. दुकानदारानं वाढ दोन्हींत वाटून टाकली. सुमारे १,८०० नोकऱ्या आल्या, हे खरं. ज्यांना त्या मिळाल्या त्यांची घरं मी हिशेबातून वगळणार नाही. पण ग्राहकांना वर्षाला दीडशे कोटी डॉलर जास्त मोजावे लागले, म्हणजे एका नोकरीमागे आठ लाख डॉलरहून अधिक.

आता झिप. १९७१ च्या अधिभाराविरुद्ध योशिदा नावाची झिप आयात करणारी कंपनी न्यायालयात गेली. तिचा सवाल होता, कर बसवायचा अधिकार काँग्रेसचा, मग राष्ट्राध्यक्ष तो कोणत्या कायद्यानं बसवतात? सरकारनं १९१७ चा, युद्धकाळात शत्रूशी होणाऱ्या व्यापारावरचा, कायदा पुढे केला. १९७४ मध्ये सीमाशुल्क न्यायालयानं अधिभार बेकायदा ठरवला; १९७५ मध्ये वरच्या न्यायालयानं तो निकाल फिरवला. तोवर अधिभार उठून चार वर्षं होत आली होती, पण निकालातला अर्थ उरला. १९७७ च्या आणीबाणीविषयक आर्थिक कायद्यात आयातीचं ‘नियमन’ करण्याची तीच भाषा आली, आणि २०२५ मध्ये त्या कायद्याखाली जगभरच्या मालावर शुल्क लावलं गेलं, तेव्हा सरकारी वकिलांनी याच झिपच्या खटल्याचा दाखला दिला.

समजा, योशिदा शेवटी जिंकली असती, तर पैसे कुणाला परत मिळाले असते? सीमाशुल्काच्या कागदावर ज्याचं नाव असतं, त्याला, म्हणजे आयातदाराला. शिंप्यानं झिपमागे जे जास्तीचे सेंट मोजले आणि पुढे गिऱ्हाईकाकडून घेतले, त्यांची पावती कुणाकडेच नव्हती.