माया राण्यांचे पिरॅमिड आणि नगरधनचा मातीचा शिक्का

आजचा भाग प्रवासाचा आहे आणि इतिहासाचाही. रील बघताना तुमच्यापैकी अनेकांनी माया लोकांचे पिरॅमिड सेव्ह करून ठेवले असतील. दाट जंगल, त्यातून वर आलेली दगडी शिखरं, पायऱ्यांवर कोरलेली चित्रलिपी. "एकदा तरी जायचं" असं वाटणं साहजिक आहे. पण ग्वाटेमालाचं तिकीट परवडेपर्यंत काय करायचं? नागपुरात राहत असाल तर गाडी जबलपूर रोडला काढायची. रामटेक, मनसर, नगरधन ही तिन्ही ठिकाणं एका दिवसात होतात.

आता तुम्ही म्हणाल, कुठे माया आणि कुठे नगरधन! या दोघांचा एकमेकांशी काडीचा संबंध नव्हता, हे आधीच सांगतो. पण दोन्हीकडे एक गोष्ट अगदी सारखी घडली.

आधी तिकडची गोष्ट. आजच्या ग्वाटेमालात नारान्हो नावाचं माया शहर होतं. इ.स. 682 मध्ये दोस पिलास या दुसऱ्या राज्यातून तिथे एक राजकन्या आली. अभ्यासक तिला 'सहा आकाश' राणी म्हणतात. 693 मध्ये अवघ्या पाच वर्षांचा मुलगा गादीवर बसला आणि कारभार आईने पाहिला. तिचा रीतसर राज्याभिषेक झाल्याची नोंद नाही, तरी तिने स्वतःचे उंच शिलास्तंभ उभारले. त्यावर ती कैद्याच्या अंगावर पाय देऊन उभी आहे, एखादा राजा उभा राहावा तशीच. आणि नावासोबत चिन्ह कोरलंय ते बापाच्या घराण्याचं, म्हणजे दोस पिलासचं.

आता आपल्याकडे या. काळ तिच्याही तीनेकशे वर्षं आधीचा, चौथ्या शतकाचा शेवट. विदर्भावर वाकाटकांचं राज्य होतं आणि राजधानी होती नंदिवर्धन, म्हणजे आजचं नगरधन. राजा दुसरा रुद्रसेन लवकर वारला. मुलं लहान. राज्य हातात घेतलं राणी प्रभावतीगुप्ताने. ती पाटलीपुत्राच्या गुप्त सम्राटाची, दुसऱ्या चंद्रगुप्ताची मुलगी.

तिने दिलेला एक ताम्रपट आज उपलब्ध आहे. एका आचार्याला गाव दान दिल्याचा तो दस्तऐवज, आजच्या भाषेत सातबाराच म्हणा ना! वाकाटकांच्या ताम्रपटाची सुरुवात वाकाटकांच्या वंशावळीने व्हायला हवी. इथे सुरुवात होते गुप्तांपासून. आधी तिच्या माहेरचे राजे, मग ती स्वतः, आणि मग ती 'युवराज दिवाकरसेनाची आई'. सासरचं घराणं मुख्यतः शिवभक्त, पण ती स्वतःला विष्णूची भक्त म्हणवते. गोत्रसुद्धा माहेरचंच सांगते. आणि ताम्रपटावर वर्ष आहे तेरावं! म्हणजे तेरा वर्षं झाली तरी मुलगा अजून युवराजच आहे, आणि शासन आईच्या नावाने निघतंय.

बघा, मधे अख्खा समुद्र. तरी दोघींनी मुलाच्या नावाने राज्य केलं आणि लिहिताना बापाचं घराणं सांगितलं. मुलगा लहान, दरबारात नजर लावून बसलेले लोक, अशा वेळी माहेरचं वजन हीच खरी ताकद होती.

पण हे आपल्याला कळलं कसं? हा ताम्रपट सापडला एका तांबट कुटुंबाकडे. मूळचं नगरचं हे कुटुंब पुण्यात राहत होतं आणि वाडवडिलांपासून त्यांनी तो जपून ठेवला होता. विचार करा, तांबट! तांबं वितळवून भांडी घडवणं हाच धंदा. एखाद्या पिढीने एखादा हंडा जास्त घडवला असता, तर प्रभावतीबद्दलचा आपला सगळ्यात बोलका पुरावा चुलीवर तापत बसला असता.

पुढे नागपूरच्या वा. वि. मिराशींनी वाकाटकांचे कोरीव लेख एकत्र करून 1963 मध्ये ग्रंथ काढला. अलीकडे, 2015 ते 2018 या काळात, राज्य पुरातत्त्व खातं आणि डेक्कन कॉलेजने नगरधनला उत्खनन केलं. त्यात मातीचा एक छोटा ठसा मिळाला. त्यावर शंख आहे आणि खाली ब्राह्मीत नाव आहे: प्रभावतीगुप्ता. तळहातावर सहज मावेल एवढी वस्तू. पण ताम्रपटात 'नंदिवर्धनाहून' असं लिहिणारी बाई खरंच याच मातीत वावरत होती, याचा तो पुरावा झाला.

आता प्रवासाचं. नगरधनला जो किल्ला दिसतो, तो वाकाटकांचा नाही. तो बऱ्याच नंतरचा आहे. वाकाटकांचं गाव आजूबाजूच्या शेतांखाली आणि घरांखाली आहे. रामटेकच्या टेकडीवर मात्र केवल नरसिंहाचं मंदिर बघाच. मूर्ती अवाढव्य आहे, आणि तिथल्या शिलालेखात प्रभावतीचं नाव येतं. मग मनसर. इथे 1998 पासून जगत्पती जोशी आणि अ. कु. शर्मा यांच्या मार्गदर्शनाखाली खोदकाम झालं. हिडिंबा टेकडीवर विटांचं भव्य बांधकाम उघडं पडलं आणि 'प्रवरेश्वर' या नावाचा पुरावा मिळाला. म्हणून प्रभावतीचा मुलगा दुसरा प्रवरसेन याची नवी राजधानी, प्रवरपूर, इथेच होती असं बरेच अभ्यासक मानतात. मिराशींनी मात्र त्यासाठी वर्ध्याजवळच्या पवनारचं नाव सुचवलं होतं. इथे सापडलेली शिवाची देखणी मूर्ती बघायला दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात जावं लागतं.

मायांचे अवशेष दगडाचे, आपले विटांचे. वीट पावसाने झिजते, बुटाने तुटते. मेक्सिकोत चिचेन इत्झाच्या पिरॅमिडवर आता चढू देत नाहीत. मनसरला कुणी अडवो न अडवो, सेल्फीसाठी भिंतीवर चढू नका. आणि नगरधनच्या शेतात खापराचा तुकडा दिसला तर फोटो काढा, पण खिशात घालू नका. प्रभावतीचं नावही अशाच एका मातीच्या तुकड्यावर होतं.

सकाळी लवकर निघा, पाणी सोबत ठेवा. दुपारी विदर्भाचं ऊन कुणाचीच वंशावळ विचारत नाही. भेटू पुढच्या भागात!