‘गहाण’ आणि ‘खरेदी’ : दख्खनच्या खतपत्रांतील दोन शब्द

मराठीत कर्ज ‘फिटते’, गहाण मात्र ‘सुटते’. हा भेद केवळ वाक्प्रचाराचा नव्हे. कर्ज ही रक्कम होय, गहाण हे बंधन होय. आणि रक्कम पोचताच बांधलेली वस्तू मोकळी झाली पाहिजे, ही धारणा ‘सुटणे’ या क्रियापदातच अंतर्भूत आहे. एकोणिसाव्या शतकात दख्खनमधील ऋणको शेतकऱ्याचा जमिनीवरील हक्क पुष्कळदा या एका धारणेवर टिकून होता.

‘गहाण’ हा शब्द संस्कृत ‘ग्रहणा’पासून आला. धर्मशास्त्रकारांचा ‘आधि’ या अर्थाने मराठीत रूढ राहिला नाही. परंतु त्यांचा ‘भोग्य आधि’ ताबेगहाणाच्या रूपाने व्यवहारात चालू राहिला. त्यात जमिनीचे उत्पन्न सावकार घेई. नजरगहाणात जमीन ऋणकोकडेच राही, सावकाराची तिच्यावर केवळ नजर! विशेष्य मराठी, विशेषणे मात्र अरबी, हा या शब्दसमूहाचा विशेष लक्षात घेण्याजोगा आहे. यांखेरीज ‘गहाण लहाण’ नावाचा एक प्रकार होता. ठरलेल्या मुदतीत पैसे न दिल्यास जमीन सावकाराची व्हावी, अशी अट त्यात असे. ‘मुदतखरेदी’ हे त्याचेच जवळचे भावंड. येथे मात्र ‘गहाण’ हा शब्दच नाहीसा झाला आहे.

मुदत टळली म्हणून सोडवणुकीचा हक्क बुडत नाही, असा निर्णय मुंबईच्या उच्च न्यायालयाने १८६४ साली दिला. मद्रासकडील एका दाव्यात प्रिव्ही कौन्सिलने १८७० साली याच्या उलट मत दिले, तरी मुंबईने आपली परंपरा सोडली नाही. परंतु न्यायालयातील तत्त्व आणि खेड्यातील खत यांत अंतर होते. १२ मे १८७५ रोजी भीमथडी तालुक्यातील सुपे येथे उठाव झाला, तेव्हा शेतकऱ्यांचा मुख्य रोख सावकारांच्या घरातील रोखे व खतपत्रे हस्तगत करून जाळण्यावर होता. आपल्याला वाचता न येणाऱ्या कागदांत आपली जमीन अडकली आहे, हे त्यांनी नेमके ओळखले होते.

उठावाच्या चौकशीनंतर १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी ऋणनिवारणाचा कायदा झाला. देण्याघेण्याचा इतिहास आरंभापासून तपासणे न्यायालयाचे कर्तव्य ठरले, गहाणाची रक्कम हप्त्यांनी फेडण्याची सवलत देता येऊ लागली, आणि शेतकऱ्यांची खते ग्रामनिबंधकासमोर लिहिली जावीत असे ठरले. जी जमीन स्पष्टपणे गहाण दिलेली नाही, ती पैशाच्या हुकूमनाम्यापायी जप्त करून विकण्यासही मनाई झाली.

संरक्षणाच्या या तरतुदींतूनच नवी अडचण उद्भवली. गहाणावर न्यायालयाची एवढी देखरेख, तर गहाण लिहून घ्यावेच कशाला? सावकार सरळ खरेदीखत मागू लागला. पैसे फेडल्यावर जमीन परत देण्याचा शब्द तोंडी राहिला. व्यवहार तोच, नाव बदलले. १८७२ च्या पुराव्याच्या कायद्यान्वये लेखाविरुद्ध तोंडी कराराचा पुरावा चालत नसे, आणि प्रिव्ही कौन्सिलने १८९९ साली खरेदीखताच्या बाबतीत तो नियम कठोरपणे लागू केला. तेव्हा १९०७ साली वरील कायद्यात ‘१०-अ’ हे कलम घालावे लागले. शेतकऱ्याच्या बाबतीत कागदावरील शब्दापलीकडे जाऊन व्यवहाराचे खरे स्वरूप ठरविण्याचा अधिकार त्याने न्यायालयास दिला. भाषेच्या अभ्यासकास हे कलम विलक्षण वाटावे. शब्द आणि अर्थ यांची फारकत होऊ शकते, हे त्यात विधिमंडळानेच मान्य केले आहे.

तो कायदा पुढे रद्द झाला. मालमत्ता हस्तांतरणाच्या १८८२ च्या कायद्यात १९२९ साली झालेल्या दुरुस्तीप्रमाणे, परतीची अट त्याच खतात नमूद नसेल तर तो व्यवहार गहाण मानला जात नाही. ज्याने परतीची कबुली निराळ्या कागदावर घेतली, त्याच्या हाती केवळ फेरखरेदीचा करार राहतो, आणि त्यातील मुदत काटेकोरपणे पाळावी लागते.