ब्रेकचा आवाज : घाटातल्या आगगाडीपासून डोंबिवलीच्या पार्किंगपर्यंत

१/ ठाणे असो वा डोंबिवली, पावसाळ्यात रात्रभर इमारतीखाली उभी राहिलेली मोटार सकाळी हलली की चाकातून खरखर ऐकू येते. बहुधा दोन-चार वेळा ब्रेक दाबताच ती थांबते. कधी मात्र थांबत नाही. या दोन आवाजांमागे मोठा इतिहास आहे, आणि त्यात कामगारांच्या फुप्फुसांची किंमतही मोजली गेली आहे. त्याविषयी हा धागा.

२/ ब्रेकचे तत्त्व साधे. धावत्या चाकातील ऊर्जा घर्षणाने उष्णतेत बदलायची. पण घर्षण म्हटले की काहीतरी झिजणारच. म्हणून ब्रेकचा इतिहास हा वास्तविक एकाच प्रश्नाचा इतिहास आहे : झिजू काय द्यायचे?

३/ १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून पहिली प्रवासी गाडी ठाण्यास आली. १ मे १८५४ रोजी रूळ कल्याणला पोहोचले. कल्याणपुढे फाटे दोन आणि दोन्हींच्या वाटेत सह्याद्री. भोर घाट १८६३ मध्ये, थळ घाट १८६५ मध्ये खुला झाला. चढ सदतीसास एक, इतका तीव्र. चढताना कसोटी इंजिनाची, उतरताना ब्रेकची.

४/ त्या काळी गाडीत सर्वत्र एकाच वेळी लागणारा ब्रेक नव्हता. इंजिनाचा ब्रेक, शिवाय ब्रेकच्या डब्यांत हाताने फिरवायचे चाक, एवढाच आधार. म्हणूनच घाटात बेकाबू गाडीला चढावर वळवून थोपवणाऱ्या बाजूच्या मार्गिका बांधल्या गेल्या. अशा मार्गिका आजही आहेत. ब्रेक निकामी होऊ शकतो, हे गृहीत धरूनच घाटाची रचना झाली.

५/ १८७२ मध्ये अमेरिकेत जॉर्ज वेस्टिंगहाऊसने विचार उलटा केला. नळीतील हवेचा दाब ब्रेक लावणार नाही, तर ब्रेक सुटा ठेवेल. नळी तुटली, डबे निसटले, तर ब्रेक आपोआप लागेल. १८८९ मध्ये आयर्लंडमधील आर्मा येथे निसटलेले डबे उतारावरून मागे धावले आणि ८० माणसे दगावली. त्यानंतर ब्रिटनमध्ये प्रवासी गाड्यांना स्वयंचलित ब्रेक कायद्याने सक्तीचे झाले.

६/ रस्त्यावरची कथा वेगळी. ऑगस्ट १८८८ मध्ये बर्था बेंझ दोन मुलांसह मानहाइमहून फोर्झाइमला मोटारीने निघाली. उतारांवर लाकडी ब्रेकचे ठोकळे झिजले, तेव्हा वाटेत चांभाराकडून तिने त्यांवर चामडे ठोकून घेतले. 'लाकूड वाचवा, वरचा थर झिजू द्या' हा ब्रेक-लायनिंगचा विचार अशा रीतीने वाटेतल्या दुरुस्तीतून आला.

७/ १९०२ मध्ये इंग्लंडच्या फ्रेडरिक लँचेस्टरने डिस्क ब्रेकचे पेटंट घेतले. त्याने धातूच्या चकतीवर तांब्याचे तुकडे दाबले. परिणामी कर्कश किंचाळी! उपाय आला हर्बर्ट फ्रूडकडून : पॅडला अ‍ॅस्बेस्टॉसचे अस्तर. ते तापून जळत नाही, घट्ट पकडते आणि आवाजही दबवते. पुढची कित्येक दशके जगभर हाच पदार्थ ब्रेकमध्ये राहिला.

८/ पण झिजलेला पदार्थ नाहीसा होत नाही, त्याची धूळ होते. अ‍ॅस्बेस्टॉसचे सूक्ष्म तंतू फुप्फुसात रुतून बसतात आणि आजार अनेक वर्षांनी प्रकटतो. २७ जानेवारी १९९५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने कामगाराचे आरोग्य हा जीवनाच्या हक्काचाच भाग ठरवला. त्याची आरोग्यनोंद किमान ४० वर्षे, किंवा नोकरी सुटल्यावर १५ वर्षे, यांपैकी जो काळ नंतर संपेल तोपर्यंत ठेवण्याचा आदेश दिला.

९/ २००५ मध्ये मुंबईतील एका अ‍ॅस्बेस्टॉस कारखान्याचा अभ्यास प्रसिद्ध झाला. तपासलेल्या १८१ कामगारांपैकी सुमारे २३ टक्क्यांना अ‍ॅस्बेस्टॉसिस आढळला. मोटारीचा ब्रेक शांत झाला, पण माणसाचा श्वास घरघरू लागला.

१०/ आता पुन्हा सकाळच्या खरखरीकडे. ओलाव्याने लोखंडी डिस्कवर गंजाचा पातळ थर येतो. पहिल्या काही ब्रेकमध्ये पॅड तो घासून काढते. हा आवाज निरुपद्रवी.
बारीक, सतत 'चीं' : अनेक पॅडना असलेली लोखंडी पट्टी डिस्कला टेकली, पॅड संपत आले.
जड, दळल्यासारखी घरघर : अस्तर संपले, पॅडची लोखंडी पाटी थेट डिस्कवर. म्हणजे लँचेस्टरचीच जुनी अवस्था. गाडी चालवणे थांबवावे.
एकाच बाजूने किरकिर : कधी डिस्क आणि तिच्यामागच्या पत्र्यात अडकलेला खडासुद्धा.

११/ घरी तपासताना जागा सपाट हवी. गाडी गिअरमध्ये, हँडब्रेक ओढलेला, दुसऱ्या टोकाच्या चाकांना अटकाव. चाकाचे नट गाडी जमिनीवर असतानाच सैल करावेत. नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली हात घालू नये, स्टँड लावावा. अस्तर ३ मिलिमीटरच्या आसपास उरले असेल तर पॅड बदलावे, आणि तेही एकाच आसाच्या दोन्ही चाकांचे. डिस्कची किमान जाडी बहुधा तिच्यावरच कोरलेली असते. खोल चरे पडले असतील तर केवळ नवे पॅड घालून भागत नाही.

१२/ धूळ फुंकरीने किंवा हवेच्या पाइपने कधीही उडवू नये. ओल्या फडक्याने टिपावी. नवे पॅड घेताना डब्यावर 'अ‍ॅस्बेस्टॉसविरहित' हा शब्द शोधावा. पॅड बसवल्यावर गाडी हलवण्यापूर्वी पेडल घट्ट लागेपर्यंत दाबावे, अन्यथा पहिला ब्रेक लागणारच नाही. ब्रेक ऑइल गळत असेल वा पेडल खाली जात असेल, तर गाडी चालवत न नेता मेकॅनिकला बोलवावे.

१३/ कल्याणपुढच्या घाटाने एक धडा दिला : ब्रेक निकामी होईल हे आधीच धरून चालावे. कारखान्यातील कामगारांनी दुसरा दिला : जे झिजते ते कुणाच्या तरी श्वासात जाते. इमारतीखाली चाक उघडून बसलेल्याने हे दोन्ही धडे ध्यानात ठेवावेत.