तांदूळ पुण्याला, कण्या चुलीवर

पुण्यात कुणाचं पोट बिघडलं, ताप उतरला किंवा नुसतीच पावसाची झड लागली, की मऊ भात होतो. आंबेमोहोराचा, गुरगुट्या, वर तुपाची धार, मेतकूट आणि कडेला लिंबाचं लोणचं. पेठेतल्या कुणालाही विचारा, हा पदार्थ आपल्याच आजीने शोधल्याच्या थाटात सांगेल. त्यातला तांदूळ कुठला, हे मात्र क्वचितच सांगेल. तो जायचा आमच्याकडून, मुळशी खोऱ्यातून. पौडच्या रस्त्याने, बैलगाडीत.

"पिकवायचा आपण, खायचा पुण्यानं," असं आमची आजी म्हणायची. तक्रार म्हणून नाही, 'मिरगात पाऊस पडतो' म्हणावं तसं. आंबेमोहोर हे आमच्याकडे घरचं धान्य नव्हतंच कधी, तो होता रोकडा. खाचरं आपण कसायची, पण कागद बहुतेकांचे सावकाराकडे. खंड, व्याज, मीठ, लुगडं, सगळं त्या तांदळातूनच वळतं व्हायचं. त्यात आंबेमोहोर मोठा नखरेल. ताट उंच वाढतं आणि ओंबी भरली की वाऱ्यापावसाने आडवं पडतं. करपा येतो. उतारा बेताचाच. पण फुलोऱ्याच्या दिवसांत खाचराच्या बांधावरून चाललं की आंब्याला मोहर आलाय की काय, असा वास येतो. भाव मिळायचा तो त्या वासाला.

घरात रोजची नाचणीची भाकरी, वरईचा भात आणि कण्या.

आंबेमोहोराचा दाणा बारीक आणि ठिसूळ. उखळात सडताना तो हमखास तुटतो. सडून झालं की आजी सूप घेऊन बसायची. मनगटाला एक झटका, की तूस उडून पुढे. मग सूप किंचित तिरपं धरून बोटांनी टकटक करायची, अख्खा दाणा एका अंगाला आणि कणी दुसऱ्या अंगाला यायची. अख्खा पोत्यात, कणी मडक्यात. एवढ्या निवडीत एक दाणा इकडचा तिकडे जायचा नाही, आणि गेलाच तर तो कणीकडे जायचा. ती चूक नव्हती, हे मला फार उशिरा कळलं.

आणि गंमत अशी, की दाणा तुटला तरी वास तुटत नाही. तिची पेज चुलीवर असली की बाहेर ओट्यावर कळायचं. कृती सांगण्यासारखी आहे म्हणून सांगतो. वाटीभर कण्या धुऊन अर्धा तास भिजत ठेवायच्या. आठ वाट्या पाण्याला खळखळून उकळी आली की त्यात सोडायच्या आणि लाकडं मागे ओढायची. गॅस असेल तर बारीक करायचा. बुडाला लागू नये म्हणून अधूनमधून पळी फिरवायची. कणी फुटून पाण्याला दाटपणा आला की मीठ. झाकण ठेवून पाच मिनिटं तशीच. बरोबर खुरासणीची चटणी किंवा लसणीचा ठेचा. आजाऱ्याला वरचं पाणी आणि चिमूटभर मीठ. बाळंतिणीला घट्ट करून तूप. लावणीहून चिंब भिजून आलेल्याला थेट वाडगाभर. नवा तांदूळ पाणी कमी पितो आणि लवकर गळतो, म्हणून पेजेला नव्याच्या कण्या उत्तम. मोकळा भात हवा तर तांदूळ वर्षभर जुना हवा. मेतकूट आमच्या घरात आलं ते पुण्यात नोकरीला गेलेल्या चुलत्यांच्या पिशवीतून.

मग धरण आलं. निळा आणि मुळा नद्यांच्या संगमावर टाटा कंपनीने बांध घालायला घेतला. पाणी सह्याद्रीतून पलीकडे भिऱ्याला उतरवून वीज करायची आणि ती मुंबईला न्यायची. 16 एप्रिल 1921, रामनवमीला मुळशीचा सत्याग्रह सुरू झाला. पांडुरंग महादेव बापट 'सेनापती' झाले ते इथेच. आजी तेव्हा कडेवरची पोर, त्यामुळे ती सांगायची ते सगळं तिच्या आईकडून ऐकलेलं, आणि त्यात दोघींचाही मीठमसाला पडलेला असणारच. तिच्या गोष्टीत भाषणं नव्हती. धरणाच्या कामावर जाऊन बसायला निघालेल्या माणसांसाठी पहाटे चढवलेल्या पेजेचं हांडं होतं, आणि त्या दिवशी तिच्या आईने पोत्यातला अख्खा तांदूळ हांड्यात ओतला होता. सावकाराचा तांदूळ. हे सांगताना आजीचा आवाज चढायचा.

शेवटी लढा मोडला. 1924 च्या डिसेंबरात बापटांनी रेल्वे अडवली आणि त्यांना सात वर्षांची शिक्षा झाली. 1927 मध्ये भिऱ्याचं वीजघर सुरू झालं. जमिनीचा मोबदला कागद ज्याच्या नावावर त्याला. कसणाऱ्याच्या हाती किती आलं, हे आमच्या घरात कधी मोठ्याने बोललं गेलं नाही. पाण्याखाली गेली ती नदीकाठची खाचरं, म्हणजे नेमकी आंबेमोहोराची. जे वर सरकले त्यांच्या वाट्याला उताराची वरकस जमीन. तिथे नाचणी होते, वरई होते, खुरासणी होते. भात होत नाही. मडक्यातली कणीही विकत आणायची पाळी आली.

माझ्या पिढीने मऊ भात खाल्ला तो बहुतेक इंद्रायणीचा. आंबेमोहोर 157 आणि आयआर 8 यांच्या संकरातून वडगाव मावळच्या केंद्रात काढलेला हा वाण 1987 ला आला आणि खोरंभर पसरला. आडवा पडत नाही, उतारा चांगला, वासही बरा. आजीने पहिल्यांदा खाल्ला तेव्हा "धाकट्या जावेचा भात" एवढंच म्हणाली. अस्सल आंबेमोहोर आता मोजके लोक लावतात, आणि बाजारात त्याच्या नावावर परराज्यातला बारीक तांदूळ सर्रास खपतो. पिशवीवर काहीही छापलेलं असो, चिमूटभर तोंडात टाकून चावावा.

परवा कोथरूडच्या एका दुकानात फळीवर 'आंबेमोहोर कणी' दिसली, छापील पिशवीत, अख्ख्या कोलमपेक्षा महाग. आजी असती तर तिने आधी भाव विचारला असता, मग पिशवी फोडून सुपात ओतायला लावली असती.