मोज्याची टाच

पायात घालावयाच्या मोज्याचा इतिहास सांगावयाचा म्हटले, की ऐकणाऱ्याच्या मुखावर हसू उमटावे हे स्वाभाविक आहे. इतिहास म्हणजे गडकोट, तहनामे, राजवंश आणि लढाया, अशी आपली समजूत. मोजा ही तर अगदीच पायातली वस्तू! परंतु जी वस्तू रोजच्या वापरात असते तिचा इतिहास लिहून ठेवण्याचे कोणास सुचत नाही, आणि म्हणूनच तो सर्वांत आधी नाहीसा होतो. ही गोष्ट मला कोण्या ग्रंथाने शिकविली नाही, घरातल्या एका जुन्या मोज्याने शिकविली.

आमचे घर दुर्ग-भिलाईच्या मोहन नगरात. मराठी माणूस या मुलखाला नवखा नाही. अठराव्या शतकात नागपूरकर भोसल्यांचा अंमल छत्तीसगडावर बसला, बिंबाजी भोसले रतनपुरास येऊन राहिले, आणि १८५४ साली नागपूरचे राज्य खालसा होईपर्यंत हा प्रदेश त्या राज्यातच होता. पुढे १९५५ साली सोव्हिएत सरकारशी करार होऊन भिलाईस पोलादाचा कारखाना उभारावयाचे ठरले, १९५९ साली पहिली झोतभट्टी पेटली, आणि या परिसरात साऱ्या भारतातून माणसे लोटली. माझ्या वडिलांना त्या कारखान्यात नोकरी मिळाली व आई नागपूर सोडून इकडे आली. शाळेत ती लोकरीचा गळपट्टा विणावयास शिकली होती. मोजा मात्र तिला येत नव्हता. तो तिला शेजारच्या एका पंजाबी बाईंनी शिकविला. वडिलांची रात्रपाळी असे आणि पौष महिन्यात पहाटेचा गारवा पायांना बोचे, म्हणून दर हिवाळ्यात आई त्यांच्यासाठी एक जोड विणी. नळी विणताना ती आमच्याशी गप्पा मारी. टाच आली की म्हणे, ‘आता बोलू नका, मी मोजते आहे.’

आज आई नाही, वडील नाहीत. तिने विणलेला एक जोड तेवढा ट्रंकेत राहिला आहे. गेल्या हिवाळ्यात तसाच जोड विणावा असे मनात आले, आणि ध्यानात आले की टाच मला येत नाही. ती कोठे लिहिलेली नव्हती.

ही टाच म्हणजे एवढे काय, असे कोणी विचारील. मोजा म्हणजे मुळात एक विणलेली नळी. पाय मात्र नळीसारखा नाही. तो घोट्यापाशी काटकोनात वळतो. सरळ चाललेल्या विणीला तेथे वळवावयाचे, पण सुरकुती पडू द्यावयाची नाही, शिवण घालावयाची नाही, आणि सर्वांत अधिक झीज तेथेच होते म्हणून वीणही घट्ट ठेवावयाची. मोज्याचा सारा इतिहास या एका अडचणीभोवती फिरतो.

आपल्या भाषेत ‘विणणे’ हे क्रियापद फार उदार आहे. मागावरचे कापड आपण विणतो, बाज विणतो, टोपली विणतो आणि लोकरही विणतो. परंतु मागाचे विणणे आणि सुयांचे विणणे यांत मूलतः भेद आहे. मागावर उभे आणि आडवे असे दोन धागे एकमेकांस छेदतात. सुयांवर एकच धागा फासातून फास काढीत पुढे जातो. धनगरांची घोंगडी मागावरची. सुयांवरचे विणणे महाराष्ट्राला उशिरा माहीत झाले, आणि याचे कारणही उघड आहे. आपला पेहराव न शिवलेल्या वस्त्राचा, पायात वहाण, हवा उष्ण. मोज्यावाचून कोणाचे अडत नव्हते. ‘मोजा’ हा शब्दसुद्धा आपण फारसीतून घेतला, आणि फारसीत तो मुळात बुटाचा वाचक आहे.

जगातील अतिशय जुने मोजे ईजिप्तच्या कोरड्या वाळूने जपून ठेवले आहेत. ऑक्सिरिंकस येथे सापडलेला तांबड्या लोकरीचा एक जोड लंडनच्या व्हिक्टोरिया आणि अल्बर्ट संग्रहालयात आहे. तो इसवी सनाच्या तिसऱ्या ते पाचव्या शतकांतला मानतात. त्यात अंगठ्यास एक खण व उरलेल्या बोटांस दुसरा, म्हणजे वहाणेचा पट्टा मधून जावा. अँटिनोपोलिस येथे लहान मुलाच्या डाव्या पायाचा एक पट्ट्यापट्ट्यांचा मोजा १९१३-१४ च्या सुमारास सापडला, तो गावाच्या उकिरड्यात. राजाचे शिलालेख देवळाच्या भिंतीवर राहतात. बाळाच्या मोज्याला उकिरड्याचाच आधार! हे मोजे मात्र आपण समजतो तसे दोन सुयांवर विणलेले नाहीत. नेढे असलेल्या एकाच सुईने, दोऱ्याचे तुकडे फासाफासांतून ओवीत ते केले आहेत.

खऱ्या अर्थाने सुयांवर विणलेले जुने मोजेही ईजिप्तमध्येच सापडले. ते अकराव्या ते चौदाव्या शतकांच्या दरम्यानचे, बहुतेक सुती, पांढऱ्या-निळ्या नक्षीचे. त्याच काळात गुजरातेतील छापील सुती कापड समुद्रमार्गे ईजिप्तला जात होते. त्याचे तुकडे कैरोलगतच्या फुस्तात येथे मिळाले आहेत. या ईजिप्शियन मोज्यांची वीण बोटांकडून सुरू होऊन वर पोटरीकडे जाते, आणि टाच सर्वांत शेवटी बसविलेली असते. टाच झिजली तर तेवढीच उसवून नवी विणावी, अशी ती युक्ती दिसते. ही गोष्ट ध्यानात ठेवावी, कारण पुढे ती पुन्हा भेटावयाची आहे.

युरोपात ही विद्या पसरल्यावर मोजा पोटरीकडून खाली विणण्याची रीत रूढ झाली. तेथे विणकाम हा काही काळ पुरुषांचा संघबद्ध धंदा होता. अल्सेससारख्या प्रांतात उस्ताद म्हणून मान्यता हवी असेल तर उमेदवारास गालिचा विणून दाखवावा लागे, आणि असे गालिचे आजही संग्रहालयांत आहेत. घरच्या चुलीपाशी बसून विणणाऱ्या बायकांची नावे मात्र कोणी नोंदविली नाहीत.

१५८९ साली नॉटिंगहॅमशायरमधील कॅल्व्हर्टन गावच्या विल्यम ली नावाच्या पाद्र्याने मोजे विणण्याचे यंत्र तयार केले. एलिझाबेथ राणीने त्यास मक्ता दिला नाही. हातावर पोट असणाऱ्या विणणाऱ्यांची तिला चिंता वाटली, असे सांगतात. ली फ्रान्सला गेला आणि तेथेच निवर्तला, पण यंत्र मागे राहिले व वाढले. दोन शतकांनी, १८११ साली, त्याच नॉटिंगहॅमशायरमध्ये मोजे विणणाऱ्या कारागिरांनी यंत्रे फोडण्यास आरंभ केला. हे लोक ‘लडाइट’ म्हणून प्रसिद्ध झाले, आणि नव्याचा आंधळा द्वेष करणारे म्हणून त्यांची आजही हेटाळणी होते. ती न्याय्य नाही. ते स्वतःच पिढ्यान्‌पिढ्या यंत्रावर विणीत आले होते. त्यांच्या तक्रारींतली एक मोठी तक्रार अशी, की काही मालक रुंद यंत्रावर सलग कापड काढून, ते कापून व शिवून स्वस्त मोजे बाजारात आणीत. असा मोजा कापल्या कडेशी उसवे. गिऱ्हाईक फसे, धंद्याचे नाव जाई आणि मजुरी उतरे. १८१२ साली यंत्र फोडणाऱ्यास देहान्त शासनाचा कायदा झाला. उमरावांच्या सभागृहात कवी बायरन याने त्यास विरोध केला, पण व्यर्थ. नवी रीत कोणाच्या सोयीची, असा प्रश्न त्या कारागिरांनी विचारला होता. तो प्रश्न आजही शिळा झालेला नाही.

आपल्याकडे सुयांचे विणकाम आले ते एकोणिसाव्या शतकात, मिशनऱ्यांनी चालविलेल्या मुलींच्या शाळांतून आणि इंग्रज कुटुंबांच्या सहवासातून. पुढे पुण्याच्या सेवासदनासारख्या संस्थांनी अक्षरओळखीबरोबर हस्तव्यवसायही स्त्रियांच्या हाती दिला. मध्यमवर्गीय मराठी घरात सुया आणि लोकरीचा गुंडा दिसू लागला. १९६२ साली हिमालयात युद्ध पेटले आणि आपले जवान पुरेशा गरम कपड्यांवाचून बर्फात उभे आहेत हे कळले, तेव्हा देशभर बायका त्यांच्यासाठी लोकर विणावयास बसल्या. ती युद्धकथा ग्रंथांत आली. ते हजारो टाके कोणी घातले, हे मात्र कोठेही लिहिलेले नाही.

या संदर्भात टॉलस्टॉयच्या ‘युद्ध आणि शांती’ या कादंबरीच्या उपसंहारातील एक प्रसंग मला आठवतो. अ‍ॅना माकारोव्हना नावाची दाई एकाच सुयांवर एकदम दोन मोजे विणते, एकाच्या पोटात दुसरा; आणि काम पुरे झाले की मुलांच्या समोर एकातून दुसरा ओढून काढते. मुलांना हा चमत्कार वाटतो. ही युक्ती केवळ तिलाच ठाऊक होती, असे टॉलस्टॉय म्हणतो. पुढे कुशल विणणाऱ्यांनी डोके खाजवून ती पुन्हा शोधून काढली. ज्या असंख्य बायकांच्या घरी टॉलस्टॉय नव्हता, त्यांच्या युक्त्या कोणी शोधाव्या?

आता नव्या रीतीकडे वळू. एलिझाबेथ झिमरमन ही इंग्लंडात जन्मलेली व अमेरिकेत स्थायिक झालेली विणकामतज्ज्ञ. मोजा आधी सबंध नळीसारखा विणावा, आणि शेवटी टाचेच्या जागी एक टाका कापून, धागा उसवून मोकळ्या झालेल्या टाक्यांवर टाच उचलावी, ही रीत तिच्या नावाने प्रसिद्ध झाली. मात्र आपण एखादी गोष्ट शोधून काढली असे ती म्हणत नसे. जी युक्ती पूर्वी कोणातरी विणणाऱ्या बाईस सुचलीच असेल ती आपणांस पुन्हा सापडली, एवढ्याच अर्थाचा एक शब्द तिने स्वतः घडविला होता. त्या ईजिप्शियन मोज्यांकडे पाहिले म्हणजे या विनयामागचे सत्य पटते. पुढे २००६ साली जूडी बेकर या अमेरिकन बाईंनी बोटांकडून प्रारंभ करताना शिवण मुळीच राहू नये अशी टाके घालण्याची पद्धत प्रसिद्ध केली: दोन सुया समांतर धरावयाच्या आणि धागा आळीपाळीने दोहोंवर वेढावयाचा.

मी या दोन्ही रीती एकत्र करून पाहिल्या. दोन सुयांवर दहा दहा टाके घातले. दर दोन फेऱ्यांस चार टाके वाढवीत वीस फेऱ्यांत साठ टाके केले. या रीतीचा लाभ तत्काळ कळतो. मोजा पायात घालून पाहत पुढे जाता येते आणि लोकर संपेल तेथे पोटरी थांबविता येते. खाली बोटांशी लोकर अपुरी पडण्याची धास्ती राहत नाही. टाचेच्या जागी तीस टाके परक्या धाग्याने विणले, पुढे नळी पुरी केली आणि शेवटी तो धागा काढून टाच उचलली. टाच सुबक दिसली. परंतु घालून पाहते तो पायाच्या उंचवट्यावर मोजा ताणला गेला आणि घोट्यापाशी दाटू लागला. माझा पाय वडिलांसारखा आहे, वरून उंच.

तेव्हा आईचा मोजा भिंग घेऊन पुन्हा पाहिला, आणि जे इतके दिवस दिसत नव्हते ते दिसू लागले. साठांपैकी तीस टाक्यांवर तिने एक पट्टी विणली होती, तीस ओळींची. प्रत्येक ओळीचा पहिला टाका न विणता नुसता उचललेला. मग मधल्या टाक्यांवर मागेपुढे वळत, कडेचे दोन दोन टाके एक करीत तिसांचे अठरा केलेले. नंतर पट्टीच्या दोन्ही कडांवरून पंधरा पंधरा टाके उचललेले आणि ते अठरा फेऱ्यांत हळूहळू कमी करीत पुन्हा साठांवर आणलेले. ज्या ठिकाणी माझा मोजा दाटत होता, नेमके तेथेच आईने अठरा टाक्यांची जागा अधिक सोडली होती. ते मोजणे कशासाठी होते, हे नव्या रीतीत चुकल्यावाचून मला कधीच कळले नसते.

म्हणून जुनी रीत थोर आणि नवी उथळ, असा निवाडा मी देणार नाही. उंच पायाला आईची पट्टी सोयीची. झिजलेली टाच पुन्हा पुन्हा बदलावयाची असेल तर दुसरी सोयीची. निवाडा पायाने करावयाचा असतो. मात्र पायाला निवाडा करता यावा म्हणून दोन्ही रीती जिवंत राहावयास हव्यात, आणि तोंडी विद्या एका माणसाबरोबर निघून जाते.

मी आईचे आकडे एका वहीत उतरून ठेवले आहेत. वर तिचे नाव घातले आहे. ज्या पंजाबी बाईंनी तिला शिकविले, त्यांचे नाव मला ठाऊक नाही. आई त्यांना नुसते ‘बहेनजी’ म्हणत असे. तेवढेच लिहिले आहे. आपल्याही घरी एखादी टाच, एखादी वीण, एखादे माप कोणाच्या तरी बोटांत असेल. ते माणूस समोर बसले आहे तोवर विचारून घ्यावे, आणि ते मोजीत असताना, क्षणभर, बोलू नये.