नाली कोणाची?

श्रोतेहो, पावसाळ्यात अमरावती-अकोल्याच्या एखाद्या गल्लीत नाली तुंबली म्हणजे दोन वाक्ये हमखास कानी पडतात. घरमालक म्हणतो, "आम्ही कर भरतो, दुरुस्ती शहराने करावी." पालिकेचा माणूस म्हणतो, "बिघाड तुमच्याच पाइपात आहे, साहेब." तोवर घाण पाणी उंबऱ्याशी येऊन पोचलेले असते!

हा प्रश्न घराच्या व रस्त्याच्या सांध्याचा आहे, आणि तो सांधा फार जुना. मोहेंजोदडोत सुमारे साडेचार हजार वर्षांपूर्वी घरच्या न्हाणीचे पाणी रस्त्यातल्या विटांच्या झाकल्या नालीत जात असे.

आपल्याकडे १९४९ चा महानगरपालिका कायदा आहे. अमरावतीची महानगरपालिका १९८३ साली झाली, अकोल्याची २००१ साली. दोन्हींना हाच कायदा लागू. सार्वजनिक गटारे बांधणे, राखणे व साफ करणे हे पालिकेचे कर्तव्य. घरची खाजगी नाली नीट ठेवणे मालकाचे वा तिथे राहणाऱ्याचे. ही रेघ सर्वत्र एकाच जागी नसते. इंग्लंडात १ ऑक्टोबर २०११ पासून अनेक घरांच्या सामाईक नळ्या पाणी-कंपन्यांकडे गेल्या. एकट्या घराची अंगणातली नळी मात्र मालकाकडेच राहिली.

पण एक गोष्ट रेघेच्या दोन्ही बाजूंना सारखी आहे. गटारात वा सेप्टिक टाकीत विषारी वायू साचतो. २०१३ च्या कायद्याप्रमाणे सुरक्षासाधनांवाचून माणूस आत उतरवणे हा गुन्हा आहे. मग उतरवणारी पालिका असो की घरमालक. पहिल्याच गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद, दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. अशा मृत्यूबद्दल तीस लाख रुपये भरपाई द्यावी, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२३ साली सांगितले. खेड्यातल्या श्रोत्यांनो, तुमच्या गावी गटारवाहिनी नसेल. पण घरामागे टाकी असेल, तर हा कायदा तुमच्याही अंगणात आहे.

गाडगेबाबा आपल्याच जिल्ह्यातले, शेंडगावचे. गावात पाऊल टाकताच ते खराटा घेऊन रस्ते, नाल्या झाडायला लागत. १९५६ साली ते गेले. त्यांची समाधी अमरावतीत आहे. गुरुजी, मुलांना एकदा शाळेची नाली दाखवा. ती कुठून निघते, कुठे मिळते, कोणी राखायची, हे त्यांना विचारा. आणि ती साफ करायला येणारा माणूस आपल्यासारखाच कोणाचा तरी बाप आहे, हेही सांगा.