कालमापक रुबिडियम

ज्या वस्तूचा तात्काळ कांहीं उपयोग दिसत नाहीं, तिच्या शोधासाठीं श्रम व द्रव्य कां वेंचावें, असा प्रश्न व्यवहारचतुर गृहस्थ नेहमीं करितात. रुबिडियम या मूलद्रव्याचा इतिहास हेंच त्याचें उत्तर होय. तो आमच्या वाचकांपुढें थोडक्यांत मांडण्याचें आम्हीं योजिलें आहे.

इ. स. १८६१ सालीं जर्मनींतील हायडेलबर्ग येथें बुन्सेन व किर्खोफ हे दोन शास्त्रज्ञ लेपिडोलाइट नांवाच्या अभ्रकजातीय खनिजापासून काढिलेले क्षार ज्योतींत धरून तिचा प्रकाश वर्णपटदर्शकांतून पाहत असतां, पूर्वीं कोणीं न नोंदलेल्या रेषा त्यांस दिसल्या. त्यांतील गडद तांबड्या रेषांमुळें, लॅटिन भाषेंतील त्या रंगाच्या नांवावरून, या धातूचें नामकरण झालें. वस्तु मात्र सहजासहजीं हातीं लागणारी नव्हे. याच शास्त्रज्ञद्वयानें ड्युर्कहाइमच्या झऱ्याचें सुमारें ४४,००० लिटर पाणी आटविलें. त्यांतून रुबिडियमचा क्षार मिळाला तो अवघा ९ ग्रॅमांच्या आसपास!

आणि एवढ्या सायासानें लाभलेला हा धातु तरी कसा? चांदीसारखा पांढरा, मेणासारखा मऊ, व माणसास चढणाऱ्या तापाएवढ्या, म्हणजे ३९ अंश सेंटिग्रेडच्या उष्णतेनें वितळणारा. उघड्या हवेंत तो आपोआप पेट घेतो. पाण्यांत पडतांच भडका उडवितो. अशा चंचल पदार्थाचा प्रयोगशाळेबाहेर फारसा उपयोग दीर्घकाळ कोणास सांपडला नाहीं, यांत नवल तें काय?

परंतु याच चंचल धातूच्या पोटीं विलक्षण स्थैर्य दडलेलें होतें. निसर्गांत त्याचे परमाणु दोन प्रकारचे आढळतात. शेंकडा ७२ परमाणूंचा भारांक ८५ असून ते अक्षय आहेत. उरलेल्या शेंकडा २८ परमाणूंचा भारांक ८७ असून ते किरणोत्सर्ग करून स्ट्राँशियमांत पालटतात. पण इतक्या सावकाश, कीं त्यांतील निम्मे पालटण्यास सुमारें ४,९०० कोटि वर्षें लागावीं. पृथ्वीचें वय याच्या दहाव्या हिश्शाहूनही कमी आहे. खडकांतील या दोन द्रव्यांचें प्रमाण मोजून त्याचें वय सांगतां येतें. १९६९ सालीं चंद्रावरून आणलेल्या खडकांचीं वयें ठरवितांनाही ही पद्धति उपयोगीं पडली.

हाच ८७ भारांकाचा परमाणु सेकंदाचे सूक्ष्म तुकडेही मोजतो. त्याच्या सेकंदास सुमारें ६८३ कोटि होणाऱ्या नियमित आंदोलनांवर परमाणु-घड्याळें चालतात. मार्गदर्शक उपग्रहाच्या घड्याळांत सेकंदाच्या दहालक्षांश भागाची चूक झाली, तर अंतराचा हिशेब सुमारें ३०० मीटरनीं चुकतो. २०१३ सालापासून भारतानें सोडलेल्या अशा उपग्रहांतील परदेशी बनावटीचीं कांहीं घड्याळें बंद पडलीं, तेव्हां परावलंबनाची किंमत आपणांस कळली. २९ मे २०२३ रोजीं सोडलेल्या उपग्रहांत स्वदेशांत घडविलेलें रुबिडियम-घड्याळ प्रथमच गेलें.

झऱ्याचें पाणी आटवीत बसलेल्या त्या दोघांस यांतील कशाचीही कल्पना नव्हती. त्यांस केवळ एका अनोळखी रेषेचा उगम जाणून घ्यावयाचा होता. तेव्हां ‘याचा उपयोग काय?’ हा प्रश्न विचारणारांनीं अवश्य विचारावा. मात्र उत्तरासाठीं शंभर वर्षें थांबण्याची तयारीही ठेवावी, एवढेंच आमचें म्हणणें आहे.